गाठीची चोळी आणि आमची घरमालकीण

मी आज पोलादपूरच्या शिवणवर्गात पंधरा-वीस बायकांपुढं उभी राहते आणि तोंड उघडते, ते आमच्या महाडच्या घरमालकिणीमुळं. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगात आली की माणूस स्वतःचीच फुशारकी मारायला लागतो आणि ज्याचं त्याला द्यायचं राहून जातं. अजूनही कुणी साहेबी थाटाची बाई दारात दिसली की माझ्या तळहातांना घाम येतो. पण तो पदराला पुसून मी कात्री हातात घेते. पूर्वी कात्रीच हातातून गळायची.

गावात तिला सगळे गाठवाली म्हणत. खणाच्या जुन्या पद्धतीच्या चोळ्या असतात ना, पुढच्या दोन टोकांची छातीखाली गाठ मारायची, तसल्या चोळ्या हातानं शिवणारी महाडात ती एकटी उरली होती. मी तिला मावशी म्हणते. बौद्धवाड्यात तिचं दोन खोल्यांचं कौलारू घर. पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खणांची चवड, आणि चवडीशेजारी पाय पसरून बसलेली मावशी. मागची खोली तिनं आम्हाला भाड्यानं दिली होती.

माझं माहेर आणि सासर दोन्ही मराठवाड्यात, परभणीच्याही पलीकडं. नवरा महाडच्या एसटी डेपोत मेकॅनिकच्या हाताखाली लागला होता, पण कायम झालेला नव्हता. मी असेन अठरा वर्षांची. शाळा पाचवीतच सुटलेली, अपूर्णांक सुरू व्हायच्या आत. इथं ओळखीचं कुणी नाही. मी कुणाला 'का' ऐवजी 'काहून?' म्हणून विचारलं की शेजारच्या पोरी तो शब्द आठ दिवस तोंडात घोळवत हसायच्या. मग मी बोलणंच कमी केलं.

पहिल्या दिवशी आम्ही ट्रंक घेऊन दारात उभे होतो तर मावशीनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्याकडं खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "हा ब्लाउज कुणी शिवलाय गो?"

"मीच."

"उजवा हात वर होत नसंल."

मी हात वर केला. खरंच होत नव्हता. खांद्यापर्यंत आला आणि बगलेत कापड कचकन ताणलं.

"एवढ्या लांबून ट्रंक उचलून आलीस, आणि हात वर होत नाय! आत ये. आधी ती बगल उसवू, मग चूल मांडू."

आणि तसंच केलं. माझ्या महाडच्या संसारात चुलीच्या आधी बगल उसवली गेली.

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. राहायची ती चोळी. "ती आखूड बाहीवाली आली व्हती, तुला इचारीत व्हती." "त्या पाठीवर सुरकुती पडणारीचा लेक मुंबयला लागला म्हणं." सगळ्या आळीला हे पाठ झालं होतं, त्यामुळं निरोप बरोबर पोचायचे. बाजारात मात्र मला तिच्याबरोबर चालायची भीती वाटे. परक्या बाईच्या मागं जाऊन तिच्या खांद्यावर बोट टेकवायची आणि म्हणायची, "बाय, ह्या बाह्या अदलाबदल झाल्यात. डावी उजवीकडं लावलीया. घरी जा आन् उसव." एकदा एका बाईनं मागं वळून चांगलंच सुनावलं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "बोलताना हात केवढा हलवतीस! म्हणून तर सांगते, बाही बदल."

टेप तिनं कधी घरात येऊ दिली नाही. "टेप कुणासाठी काढली ठावं हाय?" ती म्हणे. "शिंप्यासाठी. त्या बिचाऱ्याला बाईकडं डोळे वर करून बघता येत नाय, म्हणून टेप. मला काय धाड भरलीया? मी बघते." हुकांवर तर तिचा दातच होता. "हूक म्हंजे कुलूप. आज पोटुशी, उद्या बाळंतीण, परवा तापानं वाळलेली, बाईचं अंग काय एका मापाचं असतं? गाठ सैल होते, गाठ आवळते. पोराला अंगावर घ्यायचं तर एका हातानं सुटते. हुकाला सांगून बघ बरं!"

पण तिची खरी रीत वेगळीच होती. खण घेऊन बाई आली की मावशी तिला काम करून दाखवायला लावायची. सांगायला नाही, करून दाखवायला. अंगणात उभं करायची आणि म्हणायची, "लावणी लाव." ती बाई लाजत, पदर तोंडाला लावत वाकायची आणि कोरड्या अंगणात भाताची रोपं रोवायची. मावशी भोवती फिरून बघायची. "आता वर हो. आता पोर उचल. आता बांधावरनं हाक मार." मग कात्री घ्यायची. दासगावची एक मासे विकणारी बाई होती, ती टोपलीच घेऊन यायची, रिकामी टोपली मावशीला चालत नसे. "भरल्या टोपलीला खांदा येगळा व्हतो," म्हणे. ती बाई गेल्यावर दिवसभर घरात बांगड्याचा वास. एका प्राथमिक शाळेच्या बाईंना तर तिनं आमच्या दारावर कोळशानं बाराखडी लिहायला लावली. बाई निम्म्यात थांबल्या तर म्हणाली, "ळ पर्यंत लिवा. वरच्या वळीपासनं खालच्या वळीपत्तर हात कसा येतो ते मला दिसलंच पायजे."

मी सुरुवातीला हसायची. मग एक दिवस तिनं मलाच उभं केलं. "तुझं काम काय?"

"घरकाम."

"ते सगळ्यांचंच. तुझं तुझं काय?"

मी उभी राहिले तशीच. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "घाबरणं. दोन्ही हात पोटाशी. बरं, तुझी चोळी मी आत्ता शिवत नाय. हात पोटापासनं सुटले की सांग." आणि माझ्यापुढं एक खण टाकला. "तोवर हा दुसरीचा काप."

खणाला कापड जेवढ्यास तेवढंच असतं. एक चोळी, आणि चिंधीभर उरलं तर उरलं. एकदा कात्री चुकली की संपलं. त्यातून बायका आणायच्या ते बहुतेक ओटीतले खण, कुणाच्या लेकीच्या लग्नात भरलेल्या ओटीतला, कुणाच्या आईनं शेवटच्या भेटीत दिलेला. बाजारातून तसला दुसरा आणून भागत नाही. मी कात्री उचलायची आणि पुन्हा खाली ठेवायची. मावशी खडू देत नसे. खण घडी घालायचा, पुन्हा घालायचा, घडी जिथं पडेल तिथं पाठ, तिथं बाही. काठ बाहीच्या कडेला आलाच पाहिजे, आणि तोही चांगला बोटभर, दिसेल असा.

काठाच्या बाबतीत मी एकदाच चुकले. शिवताना घाईत काठ थोडा आत दुमडला गेला, अर्धं बोट असेल. मावशीनं चोळी हातात घेतली आणि तिचा चेहराच बदलला. ओरडली नाही. माळ्यावरची पेटी काढायला लावली. आत दोन जुन्या चोळ्या होत्या. एक तिच्या आजीची. खण चांगला, पण काठ दिसेचना. मावशीनं बाही उलटी केली तर आत, शिवणीत, सगळा काठ दुमडून दडवलेला.

"वरच्या आळीच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून," ती म्हणाली. "आमच्या बायांनी काठ मिरवायचा नाय, अशी तवा रीत. मग तळ्याचा सत्याग्रह झाला. मी असंन आठ-नऊ वर्षांची. तिथल्या सभेत बायांना सांगितलं, नीट नेसा, नीट ऱ्हावा, मान वर करून ऱ्हावा. माझी आय घरी आली ती थेट ही दुसरी चोळी शिवायलाच बसली."

दुसरी चोळी आईची. साधाच खण, आजीच्यापेक्षा हलका. पण बाहीवर काठ असा ठसठशीत, दोन बोटं.

मी माझी बाही मुकाट्यानं उसवली. ती म्हणाली, "आता कळलं ना? मग रडू नको. रडताना टाका तिरपा जातो."

तिचा मान असा, की तो कुणाकडून मागून घ्यायची तिला गरजच पडत नसे. उमरठच्या बाजूच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची पाटलीणबाई एकदा आली. घरात नुकतंच लग्न झालेलं, आणि तिच्या सासूबाईंचा हट्ट की नव्या सुनेला एक तरी गाठीची चोळी हवी. दुसरीकडं कुणी शिवत नाही म्हणून नाइलाजानं आलेली. अंगणाच्या कडेला उभी राहिली आणि खण लांबूनच ओट्यावर टाकला. मावशीनं तो उचलला नाही.

"बाय, सूनबाय कुठाय?"

"ही काय, माझ्यामागं."

"दोघी वर या, ओट्यावर. चोळी मी अंगाला लावून बघणार. आत्तापास्नं लांब उभ्या राह्यलात तर बगल बी लांबच बसल."

मग सूनच पुढं झाली, चपला काढून ओट्यावर चढली. तिच्यामागं पाटलीणबाई चढली. मावशीनं त्या नव्या नवरीकडून भात कांडून घेतलं, पाणी ओढून घेतलं, शेवटी दमलेल्या पोरीला तांब्याभर पाणी दिलं. पोरगी घटाघट प्यायली. पाटलीणबाईनं पाहिलं, आणि तिनंही पाण्यासाठी तोच तांब्या पुढं केला. मावशी मला नंतर म्हणाली, "तहान लागली व्हती तिला. उगीच उन्हात उभी."

पाचाडला गडावर जाणाऱ्यांची वर्दळ असते. एकदा तिथून एक नाटकमंडळी तिचा पत्ता काढत आली, पुण्याकडची. त्यांना शिवकाळातल्या बायकांच्या चोळ्या हव्या होत्या, "अगदी ऐतिहासिक." मावशीनं विचारलं, "तुमच्या नाटकात बाया काय काम करत्यात?"

"दरबारात उभ्या असतात."

"आन्?"

"आणि... आरती ओवाळतात."

"गडावर दळण कोण दळायचं? पाणी कोण भरायचं?"

त्यांच्यातले बोलणारे गृहस्थ हसले. "तो प्रवेश नाही आजी आमच्यात."

"मग नुसतं उभं ऱ्हायला पोतं गुंडाळा की. चोळी कशाला वाया घालवता?" पण काम घेतलं. सात चोळ्या आम्ही दोघींनी शिवल्या, सगळ्या दळायच्या मापानं, खांद्यात मोकळ्या. ते म्हणाले, राणीची जरा घट्ट हवी होती. मावशी म्हणाली, "राणी असली म्हणून काय झालं? तिलापण कधीतरी हात वर करावा लागला असंल."

त्या वर्षाच्या आषाढात सासऱ्यांचं पत्र आलं. नवऱ्याची नोकरी दिवाळीपर्यंत कायम झाली नाही तर सुनेला गावी पाठवून दे, तू एकटा राहा. घराची आठवण मला रोज यायची. पण परत जाऊन करायचं काय? तिथं मी कोण? पाचवीत शाळा सुटलेली, हातात काही नसलेली. इथं निदान माझा हात एका कामावर बसायला लागला होता. ते अर्ध्यावर सोडून मला परत जायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं, पोलादपूरला बायकांसाठी शिवणवर्ग निघतोय, शिवणबाई पाहिजे. सातवी पास, नाहीतर कामाचा अनुभव. नवरा म्हणाला, "तुला काम लागलं तर बाबा काय बोलणार?" मी म्हटलं, मला जमणार नाही. मावशीनं आतून ओरडून विचारलं, "परीक्षा कवा हाय?"

परीक्षेला ती माझ्याबरोबर आली. मी नको म्हणत होते. लुगडं, गाठीची चोळी, डोक्यावर पदर, कमरेला पानसुपारीची चंची, आणि फडक्यात भाकरी. एसटीतून उतरल्याबरोबर तिला ओकारी झाली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "चल."

शाळेच्या एका खोलीत आम्ही चौघी होतो. तिघींकडं शिवणाची सर्टिफिकेटं, पिशवीत टेप, पट्टी, खडू. तपासायला अलिबागहून एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा, कडक इस्त्रीची साडी. मावशी बाहेर खिडकीखाली बसली. बाईंनी फळ्यावर लिहिलं: छाती चौतीस, उंची तेरा, ब्लाउजचं ड्राफ्टिंग कागदावर काढा, मग कापड कापा. छातीचा चौथा भाग अधिक दीड.

चौतिसाचा चौथा भाग. मी पेन्सिल धरली. आठ चोक बत्तीस. दोन उरले. त्या दोनांचं काय करायचं ते माझ्या शाळेत आलंच नव्हतं. शेजारची खसाखसा रेघा ओढत होती. माझा कागद कोरा. मी वर पाहिलं तर बाई पुन्हा फळ्यावर काही लिहीत होत्या, उजवा हात वर, टाचा उचललेल्या. तेवढंच मला दिसलं. मग पुढ्यात मांजरपाटाचं कापड आलं आणि मी त्याची घडी घातली. आणखी एक घातली. कात्री चालली. निदान हात तरी थांबत नाहीत, एवढंच मनात होतं.

बाई माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"हे काय आहे? हूकपट्टी कुठाय? टक्स कुठायत?"

मी खाली पाहिलं. वर्षभर दुसरं काही कापलंच नव्हतं ना मी! पुढच्या दोन भागांना लांब टोकं सोडलेली, गाठीसाठी. मी ब्लाउजच्या परीक्षेत चोळी कापून ठेवली होती.

"चोळी आहे बाई."

"चोळी कुणी सांगितली होती? आणि ड्राफ्टिंगचा कागद कोरा? कशाला येता तुम्ही लोक वेळ घालवायला?" मागच्या दोघी फिसकन हसल्या.

खिडकीतून आवाज आला, "बसती का नाय ते तरी बघा की!"

"कोण आहे ते?"

"मी हिची घरमालकीण."

"मग घरी बसा ना बाई."

"घर महाडला ऱ्हायलं."

आता सगळ्याच हसल्या. बाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी दाबलं आणि माझ्याकडं वळल्या. "हे चौतिसाचं तरी आहे का? माप कुणाचं घेतलंस?"

पुन्हा हात पोटाशी गेले होते. पण मावशी खिडकीच्या गजातून माझ्याकडंच बघत होती, आणि ती काही म्हणजे काही बोलेना. एरवी जिचं तोंड बंद होत नाही ती गप्प. मग मलाच बोलावं लागलं.

"तुमचं, बाई."

"माझं? तू कधी घेतलंस?"

"तुम्ही फळ्यावर लिहीत होता तेव्हा." आणि एकदा तोंड उघडलं म्हणून पुढंही बोलून गेले, "तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आहे. तुम्ही त्या हातानं वरचं काहीतरी घट्ट धरता. रोज."

बाईंनी चष्मा काढला. "एसटीचा दांडा," त्या म्हणाल्या. "सगळा जिल्हा फिरते. बसायला कुठं मिळतं? बावीस वर्षं उभी आहे मी." मग म्हणाल्या, "अर्धा तास देते. कच्चे टाके घाल."

मी घातले. अर्ध्या तासानं बाई ती चोळी घेऊन खोलीच्या कोपऱ्यातल्या नकाशांच्या कपाटामागं गेल्या. आम्ही चौघी ताटकळत बसलो. मग कपाटामागून आवाज आला, अगदी हळू, "अहो, घरमालकीणबाई. जरा आत या."

त्यांना गाठ मारता येत नव्हती.

मावशी कुणाकडं न बघता खोलीतून चालत कपाटामागं गेली. आम्हाला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

"हां, हे टोक असं खालनं. आवळू का?"

"थोडं."

"आता हात वर. अजून वर. दांडा धरल्यागत. कुठं ताणतंय?"

"...नाही. कुठंच नाही."

"आता गाडी घाटाला लागली. हला जरा. हला की! लाजता काय, मी काय बापय हाय?"

कपाट हाललं. वरची धूळ खाली पडली. आतून बाईंच्या हसण्याचा आवाज आला, तोंडावर हात धरून हसावं तसा.

"आता सोडा, आन् तुमची तुम्ही मारा. दोनदा मारा म्हंजे हाताला लागंल."

बाई बाहेर आल्या तेव्हा अंगावर त्यांचाच ब्लाउज होता. चोळी घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवली. परीक्षेचं कापड सरकारी असतं, ते जमा करायचं असतं. रजिस्टरात त्यांनी काय लिहिलं देव जाणे. मला एवढंच म्हणाल्या, "कागद कोरा ठेवलास ते मला आवडलेलं नाही."

परतीच्या गाडीत मावशी माझ्यावर भडकली. "त्या बायनं बरोबर सांगितलं! कोरा का ठेवलास?"

"मला चौतिसाचा चौथा भाग येत नाही." हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

तिनं कमरेची चंची काढली, तिची दोरी सोडवली. माझ्या हातात दिली. "ही चौतीस. चौथा भाग काढ."

मी दोरी दुमडली. पुन्हा दुमडली. आणि तशीच धरून बसले.

"रोज काढतीस तो चौथा भाग. दिसाला चारदा काढतीस. तुझ्या मास्तरानं फक्त नाव सांगितलं नाय." मग खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. "आता बोलू नको. मळमळतंय."

दहा दिवसांनी पत्र आलं. शिवणबाई म्हणून सर्टिफिकेटवाल्या एकीला घेतलं होतं, आणि ते रास्तच होतं, ती पोरगी हुशार होती, पुढं माझी मैत्रीण झाली. मला हातशिलाईसाठी मदतनीस म्हणून घेतलं, आणि खाली शेरा होता की उमेदवारानं वर्षात मापांचं गणित पक्कं करावं. मावशी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ते पत्र ओट्यावर उभं राहून सगळ्या वाड्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, तीनदा. पत्रात 'तात्पुरत्या स्वरूपात' असं होतं, ते तिन्ही वेळा गाळलं. उलट 'अलिबागच्या बाई फार खूश आहेत' हे तिनं स्वतःचं घातलं. नंतर अंगणातच मला उभं केलं आणि म्हणाली, "तुझं काम काय?"

मी दोन्ही हात पुढं करून कापड पसरायची खूण केली, आणि घडी घातली.

"हां. आता शिवते तुझी."

दिवाळी आली आणि गेली. मला परत कुणी पाठवलं नाही. नवरा पुढच्या वर्षी कायम झाला, आम्ही पोलादपूरला खोली घेतली. वर्षात मी गणित पक्कं केलं, दोरीनं. आता मीच वर्गाची शिवणबाई आहे. उमरठहून, डोंगरातल्या वाड्यांवरून पोरी येतात, शाळा सुटलेल्या. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला एक दोरी देते आणि ती दुमडायला लावते. ज्यांचे हात पोटाशी असतात त्या मला लगेच ओळखू येतात. त्यांना पुढं बसवते.

गाठीची चोळी आता कुणी शिवून मागत नाही. म्हाताऱ्याच तेवढ्या घालतात. मला वाटायचं मावशीला ह्याचं दुःख असेल. ती महिन्यातून एकदा न सांगता वर्गात येते, पोरींच्या ब्लाउजच्या बगला ओढून बघते, आणि म्हणते, "चोळी घाला नायतर पोलकं घाला, माझं काय जातंय? काठ बाहेर पायजे आन् हात वर झाला पायजे." पोरी घाबरतात तिला. मला फार बरं वाटतं. ही माझी मावशी, असं मी प्रत्येक वेळी सांगते, त्यांना ठाऊक असलं तरी.

गेल्या महिन्यात मी माहेरी जाऊन आले आणि येताना आईची एक जुनी चोळी आणली, सहज, मावशीला दाखवायला. तिनं ती उजेडाला धरली, उलटी केली, आणि पाठीवरच्या शिवणीपाशी थांबली. आमच्याकडच्या चोळीला पाठीवर मधोमध जोड असतो. इथं नसतो.

"तुझी आय पाणी कसं काढती?"

"आडाचं. दोर ओढून. खोल आहे आड, वीस-बावीस हात."

"म्हणून हा जोड! ओढताना पाठ फाकती. ज्या बायनं हा काढला तिनं बघून काढलाय." ती त्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते ओढणं मला एकदा बघायचं व्हतं." आणि लगेच, "पण घाट चढायचा म्हंजे मला गाडी लागती."

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं काहीही मागितलेलं नाही. हेही मागितलं नाही तसं, नुसतं बोलून गेली. ती कधी घाट चढलेली नाही. सत्तरीला आली आहे.

मी तिला नेणार आहे. भातं कापून झाली की, थंडी पडायच्या आत. खिडकीशी बसवीन, आवळासुपारी जवळ ठेवीन, दर स्टँडवर खाली उतरवीन, दोन दिवस लागले तरी चालतील. आमच्या गावच्या आडापाशी तिला बाज टाकून बसवीन आणि आईला म्हणेन, "आई, दोर ओढ. हळू. हिला बघू दे." माझा स्वभाव मला ठाऊक आहे, ऐन वेळी मलाच भीती वाटेल, वाटेत तिला काही झालं तर काय, असं होईल. म्हणून हे इथं लिहून ठेवते, चार लोकांना वाचायला. आता मला मागं फिरता येणार नाही.